कागदावर तेलाचा थेंब

मुरुम, ता. उमरगा
६ जुलै १९५९

मिस्त्रीचाचांना शिवम्माचं शरणु.

तुम्ही मुरुम सोडून हैदराबादला मुलाकडं, मुनवरकडं राहायला गेलात, त्याला तीन महिने झाले. तुमच्या गॅरेजच्या जागी आता एक सायकलवाला बसतो. गाडीची तक्रार घेऊन गेलं की तो आधी चाकांत हवा भरतो आणि मग विचार करतो. मराठी पत्र तुम्हाला फरिदा वाचून दाखवेल, या भरवशावर लिहिते आहे.

यजमान जाऊन वर्ष होत आलं. गाडी कशाला ठेवायची, असं दीर माणिकप्पा दोनदा विचारून गेले. मी ठेवणार म्हणाले. का ते तुम्हाला ठाऊक आहे, पण फरिदा तेव्हा तिच्या मावशीकडं होती, म्हणून तिच्यासाठी लिहिते. दोन वर्षांपूर्वी माझी नागम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या, सुईण घाबरली, म्हणून तिला गाडीत घालून सोलापूरला निघालो. येणेगूरच्या अलीकडं गाडीनं एक आवाज केला आणि इंजिन जागीच जाम झालं. भर दुपार होती. तास दीड तासानं एक मालट्रक थांबला. सोलापूरला पोचलो तेव्हा नागम्मा वाचली, बाळ वाचलं नाही.

नंतर तुम्ही इंजिन खोललंत. तळातून एका काडीवर काहीतरी काळं उचललंत, ते डांबरासारखं लोंबत होतं. यजमान म्हणाले, "मी तर दर आठवड्याला तेल घालत होतो." ते खरंच घालत होते. समईत घालतो तसं, कमी झालं की वरून. जुनं काढून टाकायचं असतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तुम्ही त्यांना एक शब्द बोलला नाहीत. हात पुसलेत आणि नागम्मा कशी आहे, एवढंच विचारलंत. ते मी विसरले नाही.

आता नागम्माला पुन्हा दिवस गेले आहेत. नोव्हेंबरात ती मोकळी होईल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की नववा लागला की सोलापूरला आणून ठेवा, आणि आणताना आडवं झोपवून आणा, बसून धक्के खायचे नाहीत. म्हणजे एस. टी. नको. गाडीच हवी.

गाडीचं पुस्तक इंग्रजीत आहे. शाळेतल्या शरणबसप्पा मास्तरांनी वाचून सांगितलं की तेल दोन हजार मैलांनी बदलावं. आमचा ड्रायव्हर गुंडाप्पा म्हणतो, मिस्त्रींनी कधी पुस्तक उघडलेलं बघितलं नाही, ते नुसतं तेलाकडं बघायचे. मी कुणाचं ऐकू? किती दिवसांनी तेल बदलायचं, ते तुम्ही सांगा. तसंच करेन.

तुमची,
शिवम्मा

*

हैदराबाद
१५ जुलै १९५९

शिवम्माअक्कांना फरिदाबीचा सलाम.

अब्बा खाटेवर बसून बोलतात, मी लिहिते. त्यांची बोली आहे तशीच ठेवते. सुधारली तर म्हणतात, "तू काय कलेक्टरचा कागद लिव्हायलीस का?"

"अक्का, पुस्तक खोटं न्हाय. पर ज्यानं लिव्हलं त्यानं मुरुम बघितलं न्हाय. त्याच्या रस्त्यावर डांबर हाय, आपल्या रस्त्यावर काळी माती. मुरुमातनं निघून हमरस्त्याला लागूस्तोवर जी धूळ उडती, ती नुसती तुमच्या लुगड्यावर बसत न्हाय, इंजिनाच्या पोटात बी जाती. तवा दोन हजार इसरा. हजार मैल झालं की बदला.

दुसरी गोष्ट. गाडी लई फिरती म्हणून आइल खराब होतं, असं लोकांना वाटतं. उलटं बी हाय. बाजारात जायाचं, मंदिरापाशी थांबायचं, फर्लांगभर जाऊन परत यायचं, यात इंजिन तापतच न्हाय. न तापलेल्या इंजिनात पाण्याचा अंश राहतो, पेट्रोल गळून आइलात उतरतं. सोलापूरला जाऊन येणारी गाडी त्या मानानं सुखी. म्हणून मैल भरू देत का न भरू देत, दोन महिन्यांच्या वर एक आइल ठेवायचं न्हाय. काढताना इंजिन गरम असताना काढायचं, म्हणजे घाण संगट निघती. थंड काढलं की घाण तळाला बसून राहती अन् नव्याला बाटवती.

तिसरी. गुंडाप्पा सांगतो ते खरं हाय, मी आइल बघायचो. आता मी हितं, गाडी तिथं. तर असं करा. गाडी फिरून आली की तेल मोजायची पट्टी काढा अन् तिच्या टोकाचा एक थेंब चांगल्या जाड कागदावर पडू द्या. फुंकू नका, उन्हात धरू नका, सपाट जागी रातभर राहू द्या. वाळला की तो कागद पत्रात घालून पाठवा. मी इथनं बघतो."

अक्का, हे ऐकून मुनवर हसला. म्हणाला, "अब्बा, डॉक्टर पण पत्रानं नाडी बघत नाहीत." अब्बा म्हणाले, "डॉक्टरला नाडी कागदावर उतरवता येत न्हाय, त्याला मी काय करू?"

नागम्माताईंना माझा सलाम सांगा. मला सातवीत भूगोल त्यांनीच शिकवला होता.

फरिदाबी

*

मुरुम
९ ऑगस्ट १९५९

मिस्त्रीचाचांना शरणु.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. परवा तेल बदललं, इंजिन गरम असतानाच. तुम्ही गेल्यापासून चार महिने एकच तेल होतं म्हणून आधी जीव धास्तावला होता. काल गाडी उमरग्याला नेऊन आणली आणि थेंब घेतला. तो कागद सोबत आहे. शरणबसप्पा मास्तरांच्या चित्रकलेच्या वहीतलं पान आहे, जाड आहे.

तेल काढायच्या दिवशी नेहमीप्रमाणे दोघं तिघं डबे घेऊन आले. रसूलला बैलगाडीच्या कण्याला हवं होतं, एकाला दाराच्या चौकटीला वाळवी लागलीय म्हणून. यावेळी कुणाला दिलं नाही. रसूल जरा रुसून गेला.

नागम्मा आली आहे. लोहाऱ्याहून जावई स्वतः पोचवायला आले. ती फार बोलत नाही. गाडीकडं मात्र सारखी बघते. परवा गुंडाप्पाला विचारत होती, "गुंडू अण्णा, ही पुन्हा बंद पडणार नाही ना?" तो म्हणाला, "ताई, आता हिच्यावर हैदराबादहून पहारा हाय."

शिवम्मा

*

हैदराबाद
१८ ऑगस्ट १९५९

शिवम्माअक्कांना सलाम.

अब्बा आज नाराज आहेत. पत्र दोन दिवस लिहू दिलं नाही. आज सकाळी म्हणाले, लिही.

"अक्का, हा थेंब नव्या आइलाचा न्हाय. नवं आइल घालून गाडी पंचवीस तीस मैल चालली, तर कागदावर मधाच्या रंगाचा डाग पडतो, मधी जरासा धूसर ठिपका. तुमच्या कागदावर मधोमध काळी कच्च टिकली हाय, अन् भवतीचं कडं मळकं. डाग बी लांबवर पसरलाय, म्हंजी अंग न्हाय त्याला, पाण्यावानी पातळ. ह्ये आइल लई चाललेलं हाय.

आता यात दोनच गोष्टी व्हतात. डब्यातच खोटं आइल आलं, न्हाय तर नवा डबा भलतीकडं गेला अन् जुनंच आइल गाडीत राहिलं. गुंडाप्पाला मी हाताला धरून शिकवलं. त्याचं नाव घेताना माझी जीभ जड व्हायली. पर पोटुशी लेक त्या गाडीत बसणार हाय. तुम्ही त्याला घरात बोलावून विचारा. चारचौघात विचारू नका. त्यानं चूक केली असंल तर ती माझ्या शिकवण्यातली म्हणा."

अक्का, अब्बांनी जेवण अर्धं टाकलं. लवकर लिहा.

फरिदाबी

*

मुरुम
२५ ऑगस्ट १९५९

मिस्त्रीचाचा,

तुमचं पत्र मी दारातच उघडून वाचलं. गुंडाप्पा समोर गाडीची काच पुसत होता.

गुंडाप्पानं काही केलं नाही. केलं ते मी.

माझं माहेर घाण्याचं, हे तुम्हाला माहीत आहे. लहानपणापासून करडईचं तेल घाण्यावरून येताना बघितलं. गढूळ येतं, आठ दिवस डब्यात निवळलं की साका खाली बसतो, वरचं मलमलीच्या फडक्यातून गाळलं की सोन्यासारखं. हे काम आमच्या घरात माझ्याकडंच असायचं. माझ्याइतकं निर्मळ तेल कुणाचं निघत नाही, असं वडील पाहुण्यांना सांगायचे.

सोलापूरहून मागवलेला नवा डबा आला नव्हता आणि दोन महिन्यांची मर्यादा तर केव्हाच उलटली होती. तेव्हा मला वाटलं, तेल ते तेलच. गाडीतलं काढलेलं मी आठ दिवस कोपऱ्यात निवळत ठेवलं, तोवर गाडी उभी राहिली. मग वरचं तीनपदरी मलमलीतून दोनदा गाळलं. फडक्यावर काळी रेती राहिली. ती बघून मला किती समाधान झालं म्हणून सांगू. गुंडाप्पा म्हणाला होता, "अक्का, मिस्त्रींनी असं कधी केलं न्हाय." मी त्याला म्हणाले, "मिस्त्रींच्या घरी घाणा नव्हता." तुम्हाला लिहिताना मी "बदललं" असा शब्द वापरला. खोटं बोलले असं तेव्हा वाटलं नाही. पण रसूलला जुनं तेल का दिलं नाही, ते लिहायचं टाळलं, त्या अर्थी आत कुठंतरी ठाऊक होतं.

यजमानांना मी मनातून बोल लावत आले, की ते समईसारखं तेल घालत राहिले आणि आमचं बाळ गेलं. आणि मी काय केलं? जे हातांना येत होतं तेच केलं, तेही विचारायला माणूस असताना.

संध्याकाळी गुंडाप्पाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्याच्याबद्दल आलेला सगळा मजकूर दाखवला. त्यानं पत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाला, "अक्का, दीडशे मैलांवरनं कागद बघून सांगितलं त्यांनी. आपल्याला तर पट्टी हातात घेऊन कळत न्हाय." त्याला तुमचा राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी येईल त्याला सांगत होता.

नवा डबा परवा आला. गाडी तोवर हलवली नाही. आल्या दिवशीच गाळलेलं सगळं काढलं, नवं घातलं, काल गाडी उमरग्याला नेऊन आणली. रसूलला बोलावून काळं तेल दिलं. नवा थेंब रात्रभर वाळवून पाठवते.

शिवम्मा

*

हैदराबाद
३ सप्टेंबर १९५९

शिवम्माअक्कांना सलाम.

अब्बा तुमचं पत्र ऐकून इतके हसले की खोकला लागला. आज दोन्ही वेळा नीट जेवले.

"अक्का, चाळीस वर्सं गाड्यांच्या खाली पडून काढली, पर आइल मलमलीतनं गाळणारी तुम्हीच पहिली भेटलात. कुणाला हे सुचलं बी न्हाय, अन् इतकं नीट जमलं बी नसतं. तवा वाईट वाटून घेऊ नका.

फक्त इतकं ध्यानात घ्या. करडईचा साका जड असतो, खाली बसतो. इंजिनातली काळिमा धुराची असती. ती इतकी बारीक की फडक्यातनं पाण्यावानी निघून जाती, अन् वर्सभर ठेवली तरी बसत न्हाय. रेती तेवढी तुम्ही पकडली, ते बरंच केलं. पर आइलात पेट्रोल मिसळलेलं असतं, ओल असती, आइल आंबतं. ते कुठल्या फडक्यानं निघंल? ताक एकदा आंबलं की गाळून गोड व्हतं का? तसंच हे.

नवा थेंब चांगला हाय. मध सांडल्यावानी. गुंडाप्पाला सांगा, म्हातारा चुकला. त्याला माझ्याकडनं पान खाऊ घाला."

फरिदाबी

(आतली चिठ्ठी)

अक्का, ही चिठ्ठी वेगळी घडी करून घालते. अब्बांना हिच्याबद्दल लिहू नका.

अब्बांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. म्हणून तर गॅरेज बंद केलं. मुरुमात कुणाला कळू दिलं नाही, कारण आंधळ्या मिस्त्रीला लोक सांभाळून घेतील, ते त्यांना नको होतं. तुमचा कागद आला की ते आधी वास घेतात. मग थेंबाची कड बोटानं चाचपतात. मग मला विचारायला लागतात. टिकली केवढी आहे? ज्वारीच्या दाण्याएवढी का तुरीच्या? कडं गोल आहे का कुठं फाटलंय? रंग सांग. नुसता तपकिरी म्हणू नकोस, गुळाचा का चिंचेचा? माझं उत्तर ढिलं आलं तर तोच प्रश्न पुन्हा. पहिल्या वेळी मला रडू आलं. आता मात्र मी गल्लीत कुठं तेल सांडलेलं दिसलं तरी थांबून कड बघते.

तुमचा पहिला थेंब जुना आहे, हे त्यांनी सांगितलं. पण टिकली काळी आहे, हे मी सांगितलं होतं. गुंडाप्पाभाईंवर आळ आला, तेव्हा दोन रात्री मला झोप नव्हती, की मी रंग चुकीचा सांगितला असेन तर?

या महिनाअखेरीस मुनवर त्यांना इस्पितळात नेणार आहे.

तुमची फरिदा

*

मुरुम
२८ सप्टेंबर १९५९

मिस्त्रीचाचांना शरणु.

महिना झाला. गाडी दोनदा नळदुर्गाला, एकदा लोहाऱ्याला गेली. एरवी गावातच. थेंब पाठवते आहे. दसरा उरकला की १४ ऑक्टोबरला नागम्माला सोलापूरला न्यायचं ठरलं आहे. गुंडाप्पानं मागच्या सीटवर फळी टाकून गादी बसेल असं केलंय. गाडीचं सगळं ठीक आहे. रेडिएटरमध्ये पाणी मात्र हल्ली दोन दिवसांआड घालावं लागतं, उन्हामुळं असेल असं तो म्हणतो.

शिवम्मा

(आतली चिठ्ठी)

फरिदा, तुझी चिठ्ठी मी कुणाला दाखवली नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात तुझे वडील एकटे दिसत नाहीत. खाटेवर ते आहेत, आणि शेजारी जमिनीवर तू कागद उजेडाकडं धरून बसली आहेस, असंच दिसतं. त्यांना माझ्या नजरेत उणेपणा आला असेल, अशी भीती बाळगू नकोस. डोळ्यांनी बघणारे मिस्त्री मी बघितले होते. आठवणीनं बघणारा माणूस मला आत्ता कळला. आणि तू, ज्वारीचा दाणा आणि तुरीचा दाणा यातला फरक सांगताना जिनं एकदाही "असेल" म्हटलं नाही, त्या तुझ्याबद्दल काय वाटतं ते समोर आलीस की सांगेन.

*

तार
हैदराबाद, ३ ऑक्टोबर १९५९

गाडी नेऊ नका. आइलात पाणी. पत्र येतंय. फरिदा.

*

हैदराबाद
३ ऑक्टोबर १९५९

शिवम्माअक्का,

हे पत्र अब्बांनी सांगितलेलं नाही. अब्बा इस्पितळात आहेत. परवा एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, बोलायचं नाही, मनाला ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. कागद त्यांच्याजवळ नेला तर ते उठून बसतील. म्हणून नेला नाही. जे लिहिते ते माझं एकटीचं आहे.

तुमच्या थेंबाची टिकली लहान आहे, रंग गुळाचा आहे, इतपत ठीक. पण बाहेरची कड गोल नाही. करवतीसारखे दाते आहेत, सगळीकडून. पोस्टात कागद चुरगळला असेल, म्हणून मी तो दिव्याजवळ नेला, उलटा करून बघितला. चुरगळलेला नाही. अब्बांनी मागं एकदा सांगितलं होतं की कड दातेरी आली तर आइलात पाणी आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत थोडी ओल असते, तेवढ्यानं मी घाबरले नसते. पण तुम्ही लिहिलंत की रेडिएटरचं पाणी कमी होतंय. ते पाणी बाहेर सांडत नसेल तर आत जातंय. इंजिनाच्या हेडखालचं, म्हणजे वरच्या जड झाकणाखालचं, पॅकिंग जळलं असेल तर असं होतं. गावात फिरताना कळणार नाही. पन्नास मैल ओळीनं चालवली की आइलाचं अंग जाईल, आणि मागच्यासारखंच होईल.

गुंडाप्पाभाईंना सांगा, तेल ओतायचं झाकण उघडून आतून बघा. ताकावर लोणी धरतं तसं पांढरट काही लागलंय का. लागलं असेल तर हेड खोलल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढू नका.

अक्का, मी चुकले असेन तर तुमचा ठरलेला दिवस माझ्यामुळं हुकेल. नववा लागलेला आहे, हे मला माहीत आहे. तारघराच्या खिडकीशी मी एकदा परत फिरले होते. मग वाटलं, चुकले तर तुम्ही मला वेडी म्हणाल. गप्प बसले आणि बरोबर निघाले तर काय, ते लिहवत नाही.

फरिदाबी

*

सोलापूर
२० नोव्हेंबर १९५९

चि. फरिदास शिवम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी दीड महिना उत्तर दिलं नाही, त्याची शिक्षा म्हणून हे लांबलचक वाच.

तार आली तेव्हा घरात माणिकप्पा भावजी बसलेले. चाचा इस्पितळात असतील एवढंच मी सांगितलं, डोळ्यांचं नाही. ते म्हणाले, "मिस्त्री तर इस्पितळात आहे म्हणता. मग ही पोर कोण सांगणार? कागदावरचा डाग बघून गाडी खोलायची?" नागम्मा आतून बाहेर आली. पोटावर हात, चेहरा पांढरा. म्हणाली, "काका, मी तिला शिकवलंय. नकाशात नदी कुठून निघते ते ठाऊक नसलं तर ती हात वर करायची नाही. हात वर केला म्हणजे तिला ठाऊक असतं." मग गाडी तिथंच उभी ठेवली.

तुझं पत्र आल्यावर गुंडाप्पानं झाकण उघडलं. आतून पांढरट साय धरली होती. त्यानं बोटावर घेऊन मला दाखवली. दोन दिवसांनी त्यानं हेड खोललं. पॅकिंग पाण्याच्या वाटेपाशी करपून खाल्लं गेलं होतं, करंगळी जाईल एवढं. नवं पॅकिंग आणायला तो स्वतः एस. टी.नं सोलापूरला गेला आणि येताना ते कागदात गुंडाळून छातीशी धरून आला, जसं काही पोरच. नवं पॅकिंग, नवं आइल. पन्नास मैल आम्ही नागम्माला न घेता जळकोटपर्यंत हेलपाटे मारून बघितलं. पाणी तसूभर उतरलं नाही.

१८ ऑक्टोबरला निघालो. येणेगूर आलं तेव्हा नागम्मानं डोळे मिटून माझा हात धरला. गुंडाप्पा वळून न बघता म्हणाला, "ताई, ते गाव मागं गेलं. आता उघडा." तिनं उघडले. सोलापूर येईपर्यंत ती झाडं मोजत होती.

१२ नोव्हेंबरला सकाळी मुलगी झाली. पाय आधी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गावात राहिला असतात तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. मुलगी सावळी आहे, आवाज मोठा आहे. नागम्मा तिच्याकडं बघते तेव्हा मी खिडकीबाहेर बघते, कारण मला ते सहन होत नाही इतकं बरं वाटतं.

फरिदा, मी आयुष्यभर हुशार माणसं बघितली. बहुतेकांची हुशारी त्यांना जे ठाऊक आहे त्यात असते. तू मात्र चुकण्याची सगळी भीती मनात घेऊन तारघराच्या खिडकीशी परत गेलीस. मला वाटतं, मिस्त्रीचाचांनी तुला आइल शिकवलं असेल, हे नाही शिकवलं. हे तुझं तूच.

आता एक काम सांगते. लोहाऱ्याचे हिंमतराव देशमुख जावयांच्या ओळखीचे आहेत. त्यांनी जुनी जीप घेतली आहे. आमची हकीकत ऐकून त्यांनी हैदराबादच्या मिस्त्रीचा पत्ता मागितला. मी दिला. पत्त्यावर नाव तुझं घातलं आहे. त्यांना ते पचलं नाही असं दिसलं, तेव्हा पत्र कदाचित चाचांच्या नावानं येईल. उत्तर मात्र तू दे.

शिवम्मा

*

हैदराबाद
११ डिसेंबर १९५९

श्री. हिंमतराव देशमुख, लोहारा, यांना दादामियाँ मिस्त्रींची लेक फरिदाबी हिचा सलाम.

तुमचं पत्र अब्बांच्या नावानं आलं. अब्बांना आता चष्म्यातून दिसतं. तुमच्या जीपच्या आइलाचा थेंब त्यांनी हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडं दिला. म्हणाले, "चिठ्ठी माझ्या नावाची हाय, काम तुझं हाय." म्हणून मी लिहिते आहे.

थेंबाची टिकली हरभऱ्याएवढी आणि काळी आहे. हे आइल आजच काढा, इंजिन गरम असताना. ते जपून ठेवू नका, कुणाला कण्याला हवं असेल तर देऊन टाका.

तुम्ही विचारलं आहे की यापुढं किती मैलांनी बदलायचं, तो आकडा एकदाच सांगून टाका. त्याआधी मला हे लिहा. जीप रोज कुठल्या रस्त्यानं जाते, तिथं किती धूळ असते. एका दमात किती मैल चालते. तहसील कचेरीपुढं इंजिन चालू ठेवून किती वेळ उभी असते. आणि त्या जीपमधून कोण कोण जातं. घरात कुणी म्हातारं आहे का, कुणाचे दिवस भरत आले आहेत का.

एवढं कळलं की मी आकडा सांगते.

फरिदाबी